५०२ की ५०४? पुन्हा ‘सबमिट’ दाबण्याआधी हे वाचा

परीक्षेचा फॉर्म भरला, फीसाठी ‘सबमिट’ दाबलं आणि स्क्रीनवर आलं: ‘५०४ गेटवे टाइमआउट’. आता पुन्हा दाबायचं का? आधी हा मेसेज कोण देतंय ते बघू.

मध्ये कोण असतं?

तुमचा फोन बऱ्याचदा वेबसाइटच्या मूळ सर्व्हरशी थेट बोलत नाही. मध्ये एक प्रॉक्सी असतो, उदाहरणार्थ एनजिनएक्स. तो तुमची रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरला देतो आणि उत्तर तुमच्याकडे आणतो. मागे काही बिघडलं, तर तेही त्यानेच सांगायचं असतं.

आकड्यांचा अर्थ

- ५०२: मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर मिळालं नाही. कनेक्शन नाकारलं गेलं किंवा मध्येच तुटलं.
- ५०३: सर्व्हर सध्या काम घेऊ शकत नाही. गर्दी असेल किंवा दुरुस्ती चालू असेल.
- ५०४: प्रॉक्सीने वाट पाहिली, पण वेळेत उत्तर आलं नाही. एनजिनएक्सची सेटिंग बदलली नसेल, तर ६० सेकंद काहीच न आल्यावर तो थांबतो.

खरी गोम इथे आहे

५०४ म्हणजे ‘काम झालं नाही’ असं नाही. प्रॉक्सी थांबला, तरी मागचा सर्व्हर चालूच असू शकतो. तुमची फी ६१व्या सेकंदाला जमा झालेली असू शकते! ५०२ मध्येही कनेक्शन काम झाल्यावर तुटलेलं असू शकतं.

मग प्रॉक्सीच पुन्हा का पाठवत नाही?

नुसतं पान उघडायचं असेल (‘गेट’ रिक्वेस्ट), तर दोनदा मागितल्याने बिघडत नाही. पण पैसे भरणं, ऑर्डर देणं ही कामं सहसा ‘पोस्ट’ रिक्वेस्टने होतात आणि ती दोनदा गेली तर पैसेही दोनदा कापले जाऊ शकतात. म्हणून एचटीटीपीचा २०२२ चा नियम, आरएफसी ९११०, स्पष्ट सांगतो: अशा रिक्वेस्ट प्रॉक्सीने आपोआप पुन्हा पाठवायच्या नाहीत. त्याने फक्त खरं काय झालं ते कळवायचं. त्याच वर्षीच्या आरएफसी ९२०९ मध्ये त्यासाठी ‘प्रॉक्सी-स्टेटस’ हेडर आहे. कनेक्शन नाकारलं की वेळ संपली, हे त्यात लिहिता येतं.

तुम्ही काय करायचं?

- फक्त पान उघडत नसेल, तर बिनधास्त रिफ्रेश करा.
- पैसे भरत असाल, तर आधी बँकेचा मेसेज आणि साइटवरचं पेमेंट स्टेटस बघा.
- पैसे कापलेत पण पावती नाही? ट्रान्झॅक्शन आयडी जपून ठेवा आणि साइटच्या हेल्पलाइनला विचारा. तोवर ‘सबमिट’ला हात लावू नका.