विश्लेषण : टी-शर्टवरचा रंगीत फोटो दुसऱ्या धुण्यात का तडकतो?

ऑगस्ट उजाडला की इस्लामपूर, आष्टा, शिराळा, कराड या पट्ट्यात टी-शर्ट छापणाऱ्यांकडे गर्दी वाढते. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांची जयंती, आणि त्यांचे जन्मगाव वाटेगाव याच वाळवा तालुक्यातले. पाठोपाठ दहीहंडी, मग गणपती, नवरात्र, कबड्डीचे सामने. पूर्वी छातीवर मंडळाचे नाव एका रंगात छापले की काम भागायचे. आता गणपतीची मूर्ती, महाराजांचे चित्र, नेत्याचा चेहरा, सगळे फोटोसारखे हवे असते. छापून आल्यावर ते झकास दिसते. विसर्जनाच्या मिरवणुकीत भिजून, घरी दोनदा धुतल्यावर मात्र चेहऱ्यावर भेगा पडतात किंवा रंगाचे पापुद्रे सुटतात. मग वर्गणीचा हिशेब देणारा कार्यकर्ता आणि छापणारा, दोघांत जुंपते. यात बहुतेक वेळा दोष शाईचा नसतो. तो कुठे असतो, हे कळायला ती शाई समजून घ्यावी लागते.

प्लास्टिसोल म्हणजे नेमके काय?

पीव्हीसी या प्लास्टिकची अतिशय बारीक पूड एका तेलकट द्रवात कालवलेली असते. त्या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. त्यात रंगद्रव्य घातले की प्लास्टिसोल शाई तयार. हिच्यात पाणी नाही आणि उडून जाणारे थिनरही नाही. त्यामुळे ती डब्यात वाळत नाही, स्क्रीनच्या जाळीत वाळत नाही आणि शर्टावरही आपोआप वाळत नाही. छापलेला शर्ट महिनाभर दोरीवर टांगून ठेवला तरी बोट लावल्यावर शाई बोटाला लागेल.

आपल्याकडच्या छोट्या छपाईवाल्यांची जुनी सवय पाण्याच्या शाईची. पिगमेंट, खादी, रबर प्रिंट ही नावे त्यातलीच. मे महिन्याच्या उन्हात ही शाई जाळीतच सुकते, भोके बुजतात आणि दर थोड्या वेळाने स्क्रीन पुसत बसावे लागते. फोटोच्या छपाईत ठिपके इतके बारीक असतात की थोडी जाळी बुजली तरी गालावर पांढरा डाग उमटतो. म्हणून फोटोच्या कामाला प्लास्टिसोल सोयीची. जेवायला जाऊन आले तरी काम सोडले तिथून पुढे सुरू करता येते.

‘प्रोसेस’ शाई वेगळी कशी?

हा लेख ज्या वर्तमानपत्राच्या पानावर आहे, त्याची छापील प्रत हाती आली तर एखादा रंगीत फोटो भिंगाखाली धरून पाहा. निळसर, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चारच रंगांचे ठिपके दिसतील. ते जवळजवळ पडल्याने डोळ्याला हजारो छटा दिसतात. टी-शर्टवरची चार रंगांची छपाई याच तत्त्वावर चालते. प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म, वेगळी स्क्रीन, आणि चारही एकाच जागी नेमके बसवायचे. एक स्क्रीन केसभर सरकली तरी ओठ गालावर जातात.

फरक ठिपक्यांच्या आकाराचा. गुळगुळीत कागदावरच्या मासिकात एका इंचात १५०च्या आसपास ठिपक्यांच्या ओळी असतात. टी-शर्टवर साधारण ४५ ते ६५. कापड खडबडीत, शिवाय ठिपका धरून ठेवायला जाळीचे पुरेसे धागे लागतात. प्रोसेससाठी बहुधा इंचाला ३०५ धाग्यांची, म्हणजे सेंटिमीटरला १२० धाग्यांची जाळी घेतात. ५५ ओळींचे चित्र असेल तर एका ठिपक्याच्या वाट्याला साडेपाच धागे येतात. जाडसर जाळीवर हेच चित्र काढायला गेले की बारीक ठिपके गळतात आणि चेहऱ्याचा उजेडाचा भाग सपाट दिसतो. जाळी आणि ठिपक्यांच्या ओळी यांचा कोन चुकला तर चित्रावर लहरी उमटतात. छपाईवाले त्याला मॉयरे म्हणतात.

आणखी एक घोळ असतो. शाई कापडावर दाबली की ठिपका पसरतो. फिल्मवर निम्मी जागा व्यापणारे ठिपके शर्टावर ६५-७० टक्के जागा व्यापू शकतात. म्हणून संगणकावर गोरा दिसणारा चेहरा शर्टावर काळवंडतो किंवा लालभडक होतो. जाणकार माणूस रंग वेगळे करतानाच मधल्या छटा मुद्दाम फिक्या ठेवतो. तयार सॉफ्टवेअरमधून एका क्लिकवर काढलेल्या फिल्ममध्ये हे होत नाही. छपाईत कमी-जास्त ठरवणारा खरा कारागीर मला हाच वाटतो, आणि बिलात त्याची मजुरी बहुधा कुठेच दिसत नाही.

भगवा मळका का येतो?

मंडळांची ही नेहमीची तक्रार. चार रंगांत भगवा वेगळा नसतो. तो पिवळ्यावर गुलाबी ठिपके टाकून तयार होतो. प्रोसेस शाया मुद्दाम पारदर्शक केलेल्या असतात, कारण एक रंग दुसऱ्याच्या आरपार दिसायला हवा. पण त्यांच्या मिश्रणातून झळझळीत केशरी निघत नाही, विटकरीकडे झुकणारा निघतो. मोबाइलच्या पडद्यावरचा भगवा प्रकाशाचा असतो, तो शाईत जसाच्या तसा येत नाही. उपाय जुना आहे. ध्वज, फेटा किंवा मोठी अक्षरे यांच्यासाठी तयार भगव्या शाईची पाचवी स्क्रीन करायची. खर्च एका स्क्रीनचा वाढतो, पण सपाट भाग ठिपक्यांशिवाय भरीव येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. अण्णा भाऊ साठे किंवा येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील यांची ओळखीची छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांना चार रंगांची गरजच काय? पांढऱ्या शर्टावर एकाच काळ्या शाईच्या ठिपक्यांत ती अधिक ठसठशीत उतरतात, आणि स्क्रीन चारऐवजी एकच लागते.

काळ्या शर्टावर चार रंग चालतात का?

थेट नाही. पारदर्शक शाईतून प्रकाश आत जातो, खालच्या पांढऱ्या कापडावरून परततो, तेव्हा रंग दिसतो. खाली काळे कापड असेल तर परतायला काहीच नाही. म्हणून आधी पांढऱ्या शाईचा थर द्यायचा, तो फ्लॅश हीटरखाली काही सेकंद धरून हाताला न लागण्याइतका घट्ट करायचा आणि त्यावर रंग छापायचे. गडद शर्टांवर मुरलेले छपाईवाले प्रोसेसऐवजी सहा-आठ अपारदर्शक रंग ठिपक्यांत छापतात. ते महाग पडते, पण काळ्यावर तेच शोभते.

शाई वाळते की शिजते?

शिजते असेच म्हणायला हवे. सगळे भांडण याच टप्प्यावर उभे राहते.

प्लास्टिसोल तापवली की ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पीव्हीसीचे कण द्रव शोषून फुगतात आणि शाई घट्ट होते. हाताला लागत नाही, दिसायलाही पक्की दिसते. पण कण अजून एकमेकांत विरघळलेले नसतात. नेहमीची शाई सुमारे १६० अंशांना पोहोचली की ते एकजीव होऊन रबरासारखा लवचिक थर बनतो. कमी तापमानावर पक्क्या होणाऱ्या शाया आहेत, त्यांना १३० अंशांच्या आसपास पुरते. डब्यावर लिहिलेला आकडा हाच खरा. आणि हे तापमान शाईच्या तळापर्यंत पोहोचावे लागते. यंत्राच्या काट्यावर १६० दिसणे वेगळे, शर्टावरच्या शाईने १६० गाठणे वेगळे.

आपल्या भागात शाई कच्ची राहण्याची तीन कारणे संभवतात. पहिले पावसाचे. सुती कापड नेहमीच्या हवेतही वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरते. दीडशे ग्रॅमच्या शर्टात ते बारा-तेरा ग्रॅम पाणी झाले, श्रावणातल्या दमट हवेत त्याहून जास्त. हे पाणी उडून जाईपर्यंत कापड शंभर अंशांच्या आसपासच रेंगाळते. उन्हाळ्यात जमलेला वेळ पावसाळ्यात पुरत नाही. दुसरे विजेचे. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २०० मिळाले तर उष्णता जवळपास एक चतुर्थांश कमी होते. रात्रीतून ऑर्डर पुरी करायची, पट्ट्यावर शर्ट दाटीवाटीने टाकायचे आणि व्होल्टेज पडलेले, असे जुळून आले की त्या रात्रीचे शर्ट कच्चे निघालेच म्हणून समजा. तिसरे कारण रंगाचे. काळी शाई उष्णता पटकन शोषते, पांढरी आणि पिवळी हळू. एकाच चित्रात केस पक्के झालेले असतात आणि धोतर कच्चे.

शर्ट बघून दोष ओळखता येतो. कापड ताणल्यावर चित्राला भेगा पडत असतील आणि ताण सोडल्यावरही त्या तशाच राहत असतील तर शाई कच्ची राहिली आहे. पांढरा थर शाबूत असून वरचे रंग पापुद्र्यासारखे सुटत असतील तर घोटाळा उलटा आहे. पांढरा थर फ्लॅशखाली जास्त वेळ राहून आधीच पुरता शिजला, म्हणून वरच्या शाईला त्यात मिसळता आले नाही.

तापमानाची बंदूक पृष्ठभागच मोजते. जाड पांढऱ्या थराच्या तळाशी काय चालले आहे, ते तिला कळत नाही. शर्टावर चिकटवायच्या तापमानपट्ट्या मिळतात, त्या शर्टासोबत हीटरखालून जातात आणि कापडाने गाठलेला आकडा दाखवतात. कच्चा निघालेला शर्ट अजून धुतला नसेल तर पुन्हा नीट तापवून बहुधा वाचतो. धुऊन तडकल्यावर काही करता येत नाही.

ड्राय-फिट शर्टाचा गुलाबी घोळ

कबड्डी किंवा क्रिकेटच्या संघांना पॉलिस्टरचे शर्ट हवे असतात. लाल पॉलिस्टरवर पांढरे आकडे छापले, रात्री शुभ्र दिसले आणि दोन दिवसांनी गुलाबी झाले, हा अनुभव अनेक छापखान्यांचा. पॉलिस्टरला दिलेला रंग उष्णतेने वायूरूप होऊन शाईत चढतो. अशा कापडावर कमी तापमानाची आणि रंग अडवणारी शाईच वापरावी. पांढऱ्या पॉलिस्टरवर संपूर्ण रंगीत चित्र हवे असेल तर सब्लिमेशन बरे, तिथे प्लास्टिसोलचा हट्ट नको. वीस-पंचवीसच शर्ट हवे असतील तरीही डीटीएफ परवडते, कारण त्यात स्क्रीन लागत नाही. शर्ट शेकड्यांत गेले की स्क्रीनचा खर्च वाटला जातो आणि प्लास्टिसोल स्वस्त पडते.

बाळाच्या कपड्यावर ही शाई चालेल?

प्रश्न प्लास्टिसायझरचा आहे. जुन्या शायांत थॅलेट नावाची रसायने असत. त्यांतली काही संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात. अमेरिकेने २००८च्या कायद्याने मुलांची खेळणी आणि तान्ह्यांच्या वापरातल्या वस्तूंमध्ये ठरावीक थॅलेटवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. युरोपीय संघाने जुलै २०२० पासून चार थॅलेटसाठी तीच मर्यादा बहुतेक ग्राहक वस्तूंना लावली. त्यामुळे निर्यातीच्या कामासाठी थॅलेट नसलेली शाईच लागते, आणि ती आपल्याकडच्या बाजारातही मिळते. स्थानिक ऑर्डरीला मात्र कोणी विचारत नाही म्हणून सुट्या डब्यातली, लेबल नसलेली शाई खपते. लहान मुले शर्टाची कड तोंडात घालतात. त्यांच्या कपड्यांसाठी डब्यावरचे लेबल बघण्याचा आग्रह धरा, नाहीतर पाण्याच्या शाईतले साधे चित्र पुरे.

ऑर्डर देताना

फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ आकारात जातो. शर्टावर बारा इंचांचे चित्र हवे असेल तर मोबाइलवरचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. सगळा माल छापण्याआधी एक शर्ट घ्या, तो एका दिवसाने तीन-चार वेळा धुवा, ताणून बघा, आणि मगच बाकीच्यांना होकार द्या. गणपती चार दिवसांवर आल्यावर ऑर्डर दिली तर यातले काहीच जमणार नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

घरी शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवावा. चित्रावर थेट इस्त्री फिरवली तर शाई मऊ होऊन इस्त्रीलाच चिकटते. जुने शर्ट चुलीत किंवा बंबात घालू नका, पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो.

छापणाऱ्यांसाठी एक गोष्ट उरते. प्लास्टिसोल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे स्क्रीन धुतलेले पाणी गटारात सोडले की शाई तशीच ओढ्याला जाते. आधी स्क्रीनवरची शाई खरवडून डब्यात परत भरावी, ती पुढच्या ऑर्डरीला चालते. चार रंगांची मिसळलेली शाईसुद्धा टाकायला नको. तिच्यात काळा घातला की एका रंगाच्या कामाला ती बिनतक्रार खपते.