कोळशाच्या पोत्यांनी जिंकलेली पहिली फेरी

विमानातून मीठ नेणं मोठं जिकिरीचं काम असतं. पोत्यातून चार मुठी मीठ सांडलं आणि त्याला ओलावा लागला, की ते फटींतून खाली झिरपतं आणि विमानाचे पत्रे, तारा, सांधे कुरतडायला लागतं. १९४८ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश हवाई दलापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. एका मोठ्या शहराला मीठ पोचवायचं होतं, आणि तेही फक्त आकाशातून. तोड निघाली ती संडरलँड नावाच्या विमानांत. ही विमानं पाण्यावर उतरणारी. समुद्रावर वावरण्यासाठीच बांधलेली असल्यामुळे त्यांच्या अंगाला गंजरोधक लेप होता. हॅम्बुर्गजवळ एल्ब नदीतून ती मीठ घेऊन उडायची आणि बर्लिनच्या हाफेल सरोवरात उतरायची. तिथून होड्यांनी माल काठावर यायचा. सरोवर गोठण्याचे दिवस येईपर्यंत हा क्रम चालू होता.

शहराला मिठासाठी आकाशाकडे बघावं लागलं, कारण जमिनीवरचे सगळे रस्ते बंद होते. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन या दोन महासत्तांमधली रस्सीखेच, म्हणजेच शीतयुद्ध, पुढे चार दशकं जगभर चालली. तिची पहिली खरी कसोटी बर्लिनमध्ये लागली.

या दोघांमधला अविश्वास युद्ध संपायच्या आधीच मुरला होता. जुलै १९४५ मध्ये बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला विजेत्यांची परिषद भरली. परिषद सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, १६ जुलैला, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जगातला पहिला अणुस्फोट झाला होता. २४ जुलैला बैठक संपल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन सहज गेल्यासारखे स्टालिनकडे गेले आणि आमच्या हाती विलक्षण संहारक असं नवं शस्त्र आलंय, एवढंच सांगितलं. अणूचं नावही काढलं नाही. स्टालिनच्या चेहऱ्यावर फारसं कुतूहल दिसलं नाही. पाहणाऱ्यांना वाटलं, याला काही कळलंच नाही. प्रत्यक्षात क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञासारखे हेर अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेतून मॉस्कोला बातम्या पुरवत होते. स्टालिनला सगळं ठाऊक होतं. हिरोशिमाला दोन आठवडे उलटताच, २० ऑगस्टला, त्याने अणुबॉम्बच्या कामासाठी खास समिती नेमली आणि तिची सूत्रं गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याच्या हाती दिली.

पुढची तीन वर्षं एकेक धागा तुटत गेला. मार्च १९४६ मध्ये चर्चिल अमेरिकेतल्या फुल्टन गावी युरोपचे दोन भाग करणाऱ्या पोलादी पडद्याबद्दल बोलले. मार्च १९४७ मध्ये ट्रुमननी ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले आणि कम्युनिस्टांच्या दबावाखालच्या देशांना मदत करणं हे अमेरिकेचं धोरण ठरवून टाकलं. त्याच जूनमध्ये परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी युरोपच्या उभारणीची योजना मांडली. तिच्यावर पुढे सुमारे १३ अब्ज डॉलर खर्च झाले. पूर्व युरोपातल्या देशांनी त्या पैशाला हात लावू नये, असं मॉस्कोने बजावलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाची सत्ता कम्युनिस्टांनी ताब्यात घेतली.

जर्मनीचे तेव्हा चार तुकडे होते, एकेका विजेत्याकडे एकेक. राजधानी बर्लिनचेही तसेच चार भाग पाडलेले. मात्र हे शहर सोव्हिएत विभागाच्या पोटात, पश्चिमेच्या सीमेपासून सुमारे दीडशे किलोमीटर आत. पश्चिम बर्लिनमध्ये वीस लाखांहून जास्त माणसं राहत होती. त्यांचा कोळसा, पीठ, दूध, सगळं सोव्हिएत मुलखातल्या रेल्वेने, रस्त्याने आणि कालव्यांनी येत असे. आणि या वाटा खुल्या राहतील असा लेखी करारच कोणी केलेला नव्हता! लेखी होते ते फक्त तीन हवाई मार्ग, प्रत्येकी ३२ किलोमीटर रुंद, नोव्हेंबर १९४५ मध्ये ठरलेले. तेही अपघात टाळावेत म्हणून. विजयाच्या भरात राहून गेलेल्या एका कागदापायी वीस लाखांच्या घासावर गदा यावी, हे आजही मनाला चटका लावतं.

२० जून १९४८ ला पश्चिमेकडच्या तिन्ही विभागांत नवं चलन आलं, डॉइश मार्क. जुन्या नोटांना कवडीची किंमत उरली नव्हती, सिगारेटच्या पाकिटांवर व्यवहार चालत होते. नवं चलन येताच दुकानांच्या काचेआड रातोरात माल दिसू लागला. पण आपले जुने वैरी पश्चिमेच्या पैशावर पुन्हा उभे राहणार, ही धास्ती मॉस्कोला बसली. तिला कारणही होतं, या युद्धात सोव्हिएत युनियनची कोट्यवधी माणसं मेली होती. २४ जूनला 'तांत्रिक बिघाडा'चं कारण देऊन रेल्वे थांबली, रस्ते आणि कालवे बंद झाले, पूर्वेकडून येणारी वीज तुटली. शहरात महिनाभर पुरेल इतकंच अन्न होतं, कोळसा जेमतेम दीड महिन्याचा.

त्या घडीला जगात अणुबॉम्ब होता फक्त अमेरिकेकडे. तरी त्या बॉम्बने बर्लिनचा एकही रस्ता उघडला नाही. जुलैमध्ये अमेरिकेने बी-२९ बॉम्बफेकी विमानं ब्रिटनला पाठवली आणि त्याचा गाजावाजा होऊ दिला. ती विमानं अणुबॉम्ब नेण्याजोगी केलेलीच नव्हती, हे नंतर उघड झालं. मुळात अमेरिकेकडे तेव्हा सगळे मिळून पन्नासच्या घरातच बॉम्ब होते. बर्लिनमधले अमेरिकी सेनानी जनरल क्ले यांना सशस्त्र ताफा घालून रस्ता मोकळा करावा असं वाटत होतं. ट्रुमननी नकार दिला. ताफ्यावर कोणी गोळी झाडली असती तर तिसरं महायुद्ध पेटलं असतं. शहर सोडून निघून जाणं हा दुसरा मार्ग, तोही त्यांना मान्य नव्हता.

उरलं आकाश. रसद नेणारं निःशस्त्र विमान पाडायचं झालं, तर पहिली गोळी सोव्हिएत बाजूला झाडावी लागणार होती, आणि ती जोखीम स्टालिनलाही नको होती. रशियन लढाऊ विमानं जवळून घोंघावत जायची, रात्री प्रखर झोतांनी वैमानिकांचे डोळे दिपवले जायचे, पण गोळी घालून विमान पाडलं गेलं नाही. याहून बोलकी गोष्ट म्हणजे बर्लिनच्या हवाई सुरक्षा केंद्रात चारही देशांचे अधिकारी नाकेबंदीच्या काळातही एका छताखाली काम करत राहिले. नाकेबंदी करणाऱ्याचा माणूस आणि ती मोडणाऱ्याचा माणूस एकाच खोलीत उड्डाणांच्या नोंदी ठेवत होते. शीतयुद्ध ही काय चीज आहे, हे समजून घ्यायला ती खोली पुरेशी आहे.

२६ जूनला पहिली विमानं उडाली. जुन्या डाकोटा विमानांमध्ये जेमतेम तीन टन माल मावायचा आणि शहराची गरज रोजची साडेचार हजार टन. हे गणित बसवलं जनरल विल्यम टनर यांनी. त्यांची तालीम झाली होती ती आपल्या आसामात! महायुद्धात जपान्यांनी ब्रह्मदेशाची वाट अडवल्यावर छबुआसारख्या आसामातल्या धावपट्ट्यांवरून हिमालयाचे सुळके ओलांडून चीनला रसद जायची. त्या मोहिमेत साडेसहा लाख टन माल गेला आणि तिचा अखेरचा, सर्वांत वेगाचा टप्पा टनर यांनी चालवला होता. ते बर्लिनच्या मोहिमेवर आले जुलैच्या अखेरीस.

१३ ऑगस्टला, शुक्रवारी, पावसाने आणि ढगांनी बर्लिन झाकून टाकलं. टेम्पलहोफ विमानतळावर एक विमान धावपट्टीपलीकडे जाऊन जळालं, मागच्याचे टायर फुटले, तिसरं वाट चुकून भलत्याच पट्टीवर घसरलं. वर ढगांत विमानं एकावर एक घिरट्या घालत राहिली आणि त्यांतल्याच एकात खुद्द टनर बसलेले. त्यांनी वरूनच हुकूम सोडला, घिरट्या घालणाऱ्या सगळ्यांना परत पाठवा. त्या दिवसापासून नियम ठरला की उतरण्याची संधी एकदाच. हुकली तर माल घेऊन तळावर परत. जायच्या वाटा वेगळ्या, यायची वेगळी. वैमानिकांनी बर्लिनमध्ये विमानापासून दूर जायचं नाही, हवामानाची माहिती आणि खाणं जीपमधून त्यांच्यापाशी येईल. एरवी कंटाळवाणा वाटेल असा हा काटेकोरपणाच शहराला जगवून गेला.

पाण्याचं वजन वाहून नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून बटाटे वाळवून आणले जात आणि पावाऐवजी पीठ. बर्लिनच्या बायकांना त्या वाळक्या बटाट्यांची चव कधी आवडली नाही. वीज दिवसातून काही तासच यायची आणि कधी येईल याचा नेम नव्हता. ती मध्यरात्री आली तर घरातली बाई मध्यरात्री उठून स्वयंपाक, इस्त्री उरकायची. सरपणासाठी टिअरगार्टन बागेतली उरलीसुरली झाडं गेली. टेगेल इथे नवी धावपट्टी हवी होती, पण रोडरोलर आणायचे कुठून? तुकडे करून विमानातून आणले आणि पुन्हा जोडले. खडी म्हणून बॉम्बनी पडलेल्या घरांच्या विटा वापरल्या. हजारो बर्लिनकर पाळ्यांनी राबत होते, त्यांत बायका मोठ्या संख्येने. साधारण तीन महिन्यांत विमानतळ उभा राहिला.

टेम्पलहोफच्या कुंपणापाशी जुलैच्या एका दिवशी गेल हॅलव्हर्सन या तरुण अमेरिकी वैमानिकाला तीसेक मुलं भेटली. एकानेही काही मागितलं नाही. खिशात च्युइंगगमच्या दोनच कांड्या होत्या, त्याने त्यांचे तुकडे करून दिले. ज्यांना तुकडा मिळाला नाही त्या मुलांनी वेष्टनाचा कागद फाडून वाटून घेतला आणि त्याचा वास घेत उभी राहिली. उद्या येईन, पंख हलवीन, ते विमान माझं, असं सांगून तो गेला आणि दुसऱ्या दिवशी रुमालांच्या छत्र्यांना चॉकलेटं बांधून त्याने खाली सोडली. एकट्याने सुरू केलेल्या या उद्योगातून पुढे वीस टनांहून जास्त खाऊ बर्लिनवर उतरला. तीन वर्षांपूर्वी याच शहरावर याच देशाची विमानं बॉम्ब टाकत होती.

पूर्वेकडे येऊन नाव नोंदवा, शिधा मिळेल, असं सोव्हिएत अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. फार थोडे गेले. ९ सप्टेंबरला मोडक्या राइशस्टागसमोर तीन लाखांवर माणसं जमली आणि बर्लिनचे नेते एर्न्स्ट रॉयटर यांनी जगाला साद घातली, या शहराकडे पाहा. हिवाळा सरला. १६ एप्रिल १९४९ ला एका दिवसात जवळपास १,४०० उड्डाणं झाली आणि १२,९४१ टन माल उतरला, म्हणजे जवळजवळ मिनिटाला एक विमान. पश्चिमेने पूर्वेकडे जाणारा माल रोखल्याने तिकडचे कारखानेही अडले होते. १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली. सारं मिळून पावणेतीन लाखांहून अधिक उड्डाणं, सुमारे २३ लाख टन माल, त्यातला दोन तृतीयांश कोळसा. अपघातांत शंभराच्या आसपास माणसं दगावली.

विजयाचा आनंद फार टिकला नाही. एप्रिलमध्ये नाटो स्थापन झाली होती, मे महिन्यात पश्चिम जर्मनी आणि ऑक्टोबरमध्ये पूर्व जर्मनी जन्माला आला. मधल्या काळात, २९ ऑगस्ट १९४९ च्या सकाळी, कझाकस्तानात सेमिपालाटिन्स्कजवळच्या माळावर इगोर कुर्चातोव्ह यांच्या चमूने सोव्हिएत युनियनचा पहिला अणुबॉम्ब उडवला. शक्ती २२ किलोटन, रचना जवळजवळ नागासाकीवरच्या बॉम्बसारखी. मॉस्कोने अवाक्षर काढलं नाही. ३ सप्टेंबरला जपान-अलास्का मार्गावरच्या एका अमेरिकी विमानाच्या गाळणकागदावर किरणोत्सारी धूळ सापडली, तेव्हा गुपित फुटलं. जानेवारी १९५० मध्ये फुक्सने कबुली दिली, त्याच महिन्याच्या अखेरीस ट्रुमननी हायड्रोजन बॉम्बला हिरवा कंदील दाखवला. १९५२ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरात पहिला असा स्फोट केला तेव्हा एलुगेलॅब हे बेटच नकाशावरून पुसलं गेलं. मार्च १९५४ च्या अशाच स्फोटाची राख जपानी मच्छीमारांवर पडली आणि महिनाभराने पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. अशी मागणी इतक्या लवकर करणाऱ्या मोजक्या नेत्यांत आपले पंतप्रधान होते, याचा अभिमान वाटायला हवा.

पश्चिम बर्लिनने मात्र ती कोंडी विसरायची नाही असं ठरवलं. पुन्हा नाकेबंदी झालीच तर सहा महिने निभाव लागावा, म्हणून शहराच्या गोदामांत धान्य, डबाबंद मांस, औषधं आणि कोळसा साठवला जाऊ लागला. जुना माल विकायचा, नवा भरायचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. १९९० मध्ये जर्मनी एक झाला आणि साठ्याची गरज संपली. त्या हिवाळ्यात सोव्हिएत युनियनमध्ये अन्नाची तीव्र टंचाई होती. बर्लिनच्या गोदामांतला सुमारे ९० हजार टन माल मदत म्हणून तिकडे रवाना झाला.