मॉनिटर वाजतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यात बाबा पुण्याहून आमच्याकडे आले आणि तिसऱ्याच आठवड्यात न्यूमोनियाने इथल्या इस्पितळात दाखल झाले. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण उशाशी मॉनिटर असला की नजर तिकडेच जाते. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील दरवर्षी येतात, म्हणून मला जे समजले ते सांगतो.

वरची रेघ ईसीजीची. तिचे माहेर आपले लायडनच. आइन्थोव्हेन यांनी १९०५ साली सुमारे दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातील रुग्णांचे ईसीजी टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत आणले होते. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना ईसीजीच्याच कामासाठी मिळाले. ईसीजीखाली ऑक्सिजनची लाट, श्वास आणि रक्तदाब असतात.

प्रत्येक आकड्याला वरची आणि खालची मर्यादा ठरवून दिलेली असते. ती ओलांडली की यंत्र वाजते, एवढेच. यंत्राला माणूस दिसत नाही, आकडा दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दात घासत असताना लाल दिवा लागला, आणि मी घाबरून सिस्टरला हाका मारल्या. हाताच्या हालचालीने ईसीजीची रेघ अशी थरथरते की यंत्राला ती हृदयाची धोकादायक लय वाटते! सर्वसाधारणपणे लाल म्हणजे ताबडतोब धावा, पिवळा म्हणजे लवकर पाहा. वायर निघाली किंवा बोटावरचा चिमटा सुटला तर बऱ्याच यंत्रांवर फिकट निळी सूचना येते. हे आवाज सिस्टरच्या टेबलाजवळही पोचतात, त्यामुळे कोणी धावत आले नाही म्हणजे दुर्लक्ष झाले असे समजू नये.

तिसऱ्या रात्री पिवळा अलार्म सारखा वाजू लागला. ऑक्सिजनची खालची मर्यादा ९० होती आणि आकडा ८४ पर्यंत उतरून परत ९४ वर येत होता. 'चिमटा सैल झाला असेल' असे मीच स्वतःला समजावले. पण सैल चिमट्याची लाट वेडीवाकडी असते, आणि बोटावरून मोजलेली नाडी ईसीजीच्या ठोक्यांशी जुळत नाही. इथे लाट स्वच्छ होती आणि दोन्ही आकडे जुळत होते. मी घड्याळातल्या वेळा कागदावर लिहिल्या आणि सिस्टरला दाखवल्या.

तिने मॉनिटरमधली नोंद उघडली. गेल्या काही तासांचे आकडे आलेखाच्या रूपात साठवलेले असतात, त्याला ट्रेंड म्हणतात. प्रत्येक अलार्मच्या आगेमागे काही सेकंदांच्या लाटाही जपलेल्या असतात. दिवसभर रेघ सपाट होती, आणि बाबा झोपल्यापासून तिला करवतीसारखे दाते पडले होते. एकेक अलार्म पाहून हे कुणाच्याच लक्षात आले नसते. सकाळी डॉक्टरांनी झोपेत श्वास थांबण्याची शंका बोलून दाखवली, आणि पुढे तपासणीत ती खरी ठरली. आई गेली वीस वर्षे बाबांच्या घोरण्याबद्दल तक्रार करते आहे, तिचे मात्र कोणी ऐकले नव्हते.

आवाज बंद करण्याचे बटण आपण दाबू नये, मर्यादा तर मुळीच बदलू नये. नातेवाइकाने करण्यासारखे काम म्हणजे वेळ टिपणे, आणि तेव्हा रुग्ण काय करत होता (झोपला होता, खोकत होता, कुशीवर वळला होता) ते लिहिणे. मग 'ट्रेंड दाखवाल का?' असे सरळ विचारावे. इथे त्याचा कोणाला राग येत नाही.

आणखी एक. रुग्णाला घरी सोडले की बऱ्याच मॉनिटरांची स्मृती पुसली जाते. महत्त्वाचा आलेख फाइलीत घेतला आहे ना, हे त्याआधीच विचारा. फाइलीची प्रत मागण्याचा रुग्णाचा हक्क १ एप्रिल १९९५ पासून इथल्या कायद्यात आहे. पाहुण्या आईवडिलांच्या प्रवासविम्याचा दावा करतानाही कागद लागतातच. बाबांनी त्या रात्रीचा छापील आलेख पासपोर्टबरोबर ठेवला आणि पुण्याच्या डॉक्टरांपुढे तोच आधी उघडला.