शोधस्थळाचा रकाना

सकाळी 8. तारागोना, स्पेन. कपाट उघडलं की मी आधी नाण्यांवरचं जंगाल बघते. काशावरचा गुळगुळीत हिरवा थर नाणं सांभाळतो. पण बोटाला फिकट हिरवी पूड लागली, की क्लोराइडनं धातू खायला घेतलाय असं समजायचं. तसं नाणं सिलिका जेलसोबत कोरड्या डब्यात.

9.30. वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या ठशांमधला कोन. हे भराभर उरकतं.

11. आता वाचन. नाणं इथलंच, इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. एका बाजूला बिनदाढीच्या पुरुषाचं मस्तक, दुसरीकडे खजुराची फांदी घेतलेला घोडेस्वार. घोड्याच्या पायांखाली तीन चिन्हं: के, स्, ए. इबेरियन लिपीत क, त, ब यांसारखी व्यंजनं स्वरासकट एका चिन्हात येतात. बाकीची व्यंजनं आणि स्वर सुटे. मधलं चिन्ह पार झिजलंय. दिवा टेबलाला टेकेल इतका आडवा धरला, तेव्हा कुठे कडेची सावली पडली. केसे! याच गावाचं इबेरियन नाव. मानुएल गोमेथ-मोरेनो यांनी 1920 च्या दशकात ही लिपी उलगडली, त्यात नाण्यांचा आधार मोठा होता. कारण केल्सेसारख्या गावानं एकाच नाण्यावर इबेरियन आणि लॅटिन अशी दोन्ही नावं घातली होती. भाषा मात्र अजून कळत नाही. आपण वाचतो, अर्थ लागत नाही.

2. जेवण.

4. एका खासगी संग्रहातून आलेला खोका. वर स्फिंक्सची नाणी, म्हणजे दूर दक्षिणेतलं कास्तुलो, सिएरा मोरेनातल्या चांदी-शिशाच्या खाणींजवळचं. काही नाणी आम्लानं घासून तांबूस केलेली; ते बघून जीव तुटतो. पण त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसणारं नाही. ही सापडली कुठे? खाणीत, छावणीत, की बाजारात? ते कळलं असतं तर माणसं कुठून कुठे गेली हे सांगता आलं असतं. स्पेनच्या 1985 च्या कायद्यानुसार जमिनीतून निघालेली पुराणवस्तू सार्वजनिक मालकीची, तरी धातुशोधक यंत्रं घेऊन खणणारे थांबलेले नाहीत. शोधस्थळाच्या रकान्यात मी लिहिते: अज्ञात.

6. शेवटचं नाणं उत्खननातलं. चिल्लर हवी म्हणून कुणीतरी छिन्नीनं त्याचे दोन तुकडे केलेत. घाव एका दमात बसलेला नाही, कडेला पायरी उमटलीय. जागा, थर, जमिनीखालची खोली, सगळं नोंदलेलं. त्याच थरातली काळ्या झिलईची भांडी उद्या बघायची. काळ ठरवायला त्यांचीच मदत होईल.