माणदेशातील चैत्र आणि वाळवणाचा जमाखर्च

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या आणि वर्षाकाठी सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस वाट्याला येणाऱ्या माणदेशात वसंत ऋतू काव्यग्रंथांतील वर्णनाबरहुकूम कधीच अवतरत नाही. आम्रमंजरीचा बहर विहिरीच्या पाण्यावर तगलेल्या चार-दोन झाडांपुरता असतो. माणगंगेचे पात्र पांढरे फटक पडलेले असते. आणि उजाड शिवारात कडुनिंब तेवढा अंगभर फुलून आपल्या मंद, कडसर सुवासाने ऋतूची वर्दी देतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1949 सालच्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकामुळे हा मुलूख मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला खरा; परंतु येथील घराचे अंगण आणि माजघर चैत्र-वैशाखात कोणत्या शिरस्त्याने चालते, हे सांगण्याचे काम एखाद्या संसारी बाईनेच अंगावर घ्यावे असे असल्यामुळे, चार मुलांची आई या नात्याने मी ते घेत आहे.

फाल्गुन सरता सरता शाळूची सुगी उरकत येते. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेले आणि थंडीवर पोसलेले हे पीक मुळासकट उपटून, पेंढ्या बांधून, कणसे खुडून खळ्यावर येई, तेव्हा बैलांच्या पातीखाली मळणी होऊन वाऱ्यावर उफणणी व्हायची, आणि धान्याची रास घरी जाण्यापूर्वीच सुतार, लोहार, न्हावी, परीट यांचे बलुते खळ्यावर मोजून दिले जायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेची, तिच्या गुणांबरोबर तिच्या जाचाचीही, सविस्तर कैफियत मांडली, ती आता मोडली आहे. मळणीयंत्र अर्ध्या दिवसात काम उरकून निघून जाते. राहिला आहे तो कडबा. दाण्यापेक्षा कडब्याची चिंता अधिक करणारा शेतकरी परमुलखातल्या माणसाला विक्षिप्त वाटेल. पण ज्याच्या दावणीला खिलार जनावर आहे आणि ज्याला जूनपर्यंतचे दिवस काढावयाचे आहेत, त्याला ती चिंता सांगावी लागत नाही.

गुढीपाडव्याला कडुनिंबाचा पाला, गूळ, जिरे आणि ओवा एकत्र वाटून मुलांच्या जिभेवर ठेवला की नवे वर्ष लागते. सालगड्याचे साल याच दिवशी फिटते आणि नव्या सालाची बोली याच दिवशी ठरते. माझ्या सासूबाई म्हणतात की, गड्याला निदान पाडव्याला साल सोडता येते, सुनेला ती सवलत नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाळवण सुरू होते, आणि येथून पुढचे दीड-दोन महिने घराचा खरा कारभार बायकांच्या हाती असतो.

वाळवण पावसाळ्याची बेगमी म्हणून करावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि कोकणात किंवा मावळात ती यथार्थही असेल. आमच्याकडे कारण निराळे. विहिरींनी तळ गाठल्यापासून नव्या पावसावर पहिली भाजी उगवेपर्यंत मंडईखेरीज हिरवे पान दिसत नाही, आणि मंडईला रोज पैसा कोठून आणावा? तेव्हा सांडगे, उन्हात वाळवलेली गवार, चिंचोके काढून मिठात गोळे करून ठेवलेली चिंच आणि डंकावर कांडून आणलेली चटणी यांवर कोरड्यासाचे दिवस निभवावे लागतात. त्यातच वैशाखात लग्नसराई असते, आणि दारी आलेल्या पाहुण्याच्या ताटात कुरडई-पापड पडला नाही तर त्याची वाच्यता तीन गावांत होते.

या सर्वांत कुरडईचे प्रकरण सर्वांत नाजूक. गहू तीन दिवस भिजत घालावयाचे आणि त्यांचे पाणी रोज बदलावयाचे. मग ते वाटून, पिळून, गाळून सत्त्व रात्रभर खाली बसू द्यावयाचे. पहाटे वरची निवळ काढून, आधणात मीठ-हिंग घालून, ते सत्त्व एका हाताने वैरीत दुसऱ्या हाताने घोटावयाचे, म्हणजे गुठळी न होता चीक शिजून काचेसारखा दिसू लागतो, आणि तो गरम असतानाच सोऱ्यातून माळवदावरच्या धुतलेल्या लुगड्यावर घालावा लागतो, कारण निवलेला चीक सोऱ्याला दाद देत नाही. पाककृतीच्या पुस्तकात ‘पाणी रोज बदलावे’ हे वाक्य किती सहज लिहिलेले असते! ज्या गावात टँकरची खेप दोन दिवसांआड येते, तेथे त्या तीन पाण्यांची तजवीज आधी करावी लागते, आणि काढलेले आंबूस पाणी म्हशीच्या आंबोणात जाते, थेंबही मोरीत जात नाही. माझ्या मुलांना पाण्याची किंमत कोणी व्याख्यानाने शिकविलेली नाही.

मुलांची सकाळची शाळा या दिवसांत दुपारच्या आत सुटते, आणि दप्तर भिंतीला टेकते न टेकते तोच त्यांची नेमणूक माळवदावर कावळे राखण्यासाठी होते. हे पहारेकरीच चोर असतात, हे सर्व आयांना ठाऊक आहे. पापडाच्या तेलात बुडविलेल्या लाट्या, गरम चिकात घातलेली साखर, कडेने वाळलेली पण मध्ये ओली असलेली कुरडई, ही त्यांची मजुरी. तिचा हिशेब धरूनच जोखणी करावी, म्हणजे पुढे तक्रारीला जागा राहत नाही. वार्षिक परीक्षेचा अभ्यासही त्याच उन्हात, एका बाजेच्या सावलीत होतो, आणि 1 मे रोजी ध्वजवंदन होऊन निकाल हाती पडला की त्याही विषयाचा निकाल लागतो.

काम एकटीने होत नाही. गल्लीतील बायका सावड धरतात: आज माझे पापड, उद्या जाऊबाईंच्या शेवया, परवा शेजारणीचे सांडगे. पाटावर लाटणी फिरत असताना जी मसलत चालते तिचे महत्त्व ग्रामपंचायतीच्या सभेपेक्षा तिळमात्र कमी नसते. सोयरिकींची पहिली बोलणी, आजारपणाच्या बातम्या, कोणाच्या सुनेला माहेरी का धाडले नाही याची चौकशी, सर्व तेथेच होते. माहेरपणाला आलेल्या मुली त्या बैठकीत पहिल्यांदा आईच्या बरोबरीने बोलू लागतात. मला स्वतःला आईपणाची जाणीव पाळण्यापाशी झाली त्याहून अधिक, माझ्या लेकीने पापडाच्या पिठात खार कमी पडल्याचे मला सर्वांदेखत सुनावले तेव्हा झाली, आणि ते तिने खरे सांगितले होते.

मध्येच यात्रा येते. शिखर शिंगणापूरला चैत्र शुद्ध पक्षात शंभू महादेवाचा विवाह लागतो आणि नद्यांचे पाणी घेऊन दूरदूरहून आलेल्या कावडी मुंगी घाटाचा उभा कडा चढतात. त्या दोन-चार दिवसांत घरातला पुरुषवर्ग निम्मा-अधिक तिकडेच असतो.

वळवाचे मात्र सांगितलेच पाहिजे. दुपार कलताना ढग उठतात, धुळीची वावटळ येते, आणि सगळी गल्ली एकदम माळवदांवर धावते. त्या क्षणी बांधावरून कोर्टात गेलेल्या भावकीतील बायकाही एकमेकींच्या वाळवणाच्या बाजा उचलताना मी पाहिल्या आहेत. आमच्या घरात अशा वेळी दोन फळ्या पडतात: हे कडब्याची गंजी झाकण्याकडे धावतात आणि मी कुरडयांकडे, मुलांनी कोणाच्या मागे जावयाचे हा प्रश्न अनेक वर्षे अनिर्णित होता, तो थोरल्यांनी गंजीकडे आणि धाकट्यांनी माळवदाकडे अशा वाटणीने मिटला.

सासूबाई वर्षाचे मोल वाळवणावरून करतात. 1972 च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि तेथे मिळालेल्या सुकडीवर मुले जगविली. पुढल्या चैत्रात गावातील एकाही माळवदावर काही वाळत पडले नाही, एवढेच एक वाक्य सासूबाई त्या वर्षाबद्दल बोलतात. सरकारचे मापन वेगळे आहे. तलाठ्याच्या दप्तरी पीकपाहणी होऊन सात-बारावर पिकाची नोंद होते, गावाची पैसेवारी ठरते, ती पन्नासच्या खाली गेली तर सारा आणि वसुली यांत सवलत मिळते. दप्तरात शाळूला रकाना आहे, पडीक जमिनीलाही आहे. उन्हात चार पायली गव्हाचे सत्त्व काढणाऱ्या बाईच्या श्रमाला नाही. याबद्दल मी तलाठ्याला दोष देत नाही, कारण आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीतही असा रकाना नव्हता.

तो आता होऊ लागला आहे, आणि त्याचे कारण दर. म्हसवडला 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाल्यापासून आणि गावोगाव बचत गट उभे राहिल्यापासून बायकांच्या नावाने खाती उघडली, काहींनी कुरडया, पापड आणि चटणी विकावयास काढली. किलोमागे पैसे येऊ लागल्याबरोबर, इतकी वर्षे ज्यांना वाळवण हा बायकांचा उन्हाळी विरंगुळा वाटत होता, ते पुरुष वजनकाट्याकडे आदराने पाहू लागले. मला याचे हसू येते आणि समाधानही वाटते. एक रुखरुख आहे ती अशी की, विकण्याची ओढ लागल्यापासून लेकीच्या सासरी जाणारा डबा आखडला आहे, आणि सावडीलाही आता कोणी कोणी रोज मागते.

यंदा सोऱ्या मी थोरल्या मुलाच्या हाती दिला. माझे मनगट दुखते, आणि त्याच्या दंडात जोर आहे, एवढाच माझा विचार होता. सासूबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “पोराला ह्ये काय बायकी काम लावलंस गं?” तो म्हणाला, “आज्जी, दाबायला ताकद लागती, तू दाबून बघ की.” त्याच्या कुरडया वाटोळ्या होत नव्हत्या, पण दोन पायल्यांचा चीक त्याने निवू न देता संपविला, आणि हात धुऊन झाल्यावर गटाच्या दराने आपली मजुरी मागितली. धाकट्या बहिणीने ताबडतोब आपल्या मागील सर्व वर्षांची बाकी मांडली. दोन्ही अर्ज अद्याप माझ्याकडे पडून आहेत.