पंधरा मिनिटं उशीर आणि अर्ध्या दिवसाचा पगार कट? हे कायद्यात बसतं का?

अकोल्यातली डाळ मिल असो की अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीतला कापड कारखाना, शिफ्टला एक माणूस उशिरा आला की आधीच्या शिफ्टचा माणूस अडकून पडतो. मग बऱ्याच ठिकाणी एकच उपाय निघतो: 'पगार कापा!' पण असा मनाला येईल तितका पगार कापता येतो का?

कायदा काय सांगतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. तिच्यानुसार कामगार जितका वेळ गैरहजर होता, त्याच प्रमाणात पगार कापता येतो. पंधरा मिनिटांसाठी अर्धा दिवस कापणं या हिशोबात बसत नाही.

दंड वेगळा. तो पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. म्हणजे १५,००० रुपये पगार असेल, तर महिन्याला जास्तीत जास्त ४५० रुपये. त्याआधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. शिवाय दंडाचे पैसे कामगारांच्या हितासाठीच वापरायचे असतात.

मग शिस्त लावायची कशी?

१९६४ मध्ये जॉन ह्युबरमन यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये कॅनडातल्या एका प्लायवूड कारखान्याची पद्धत मांडली. तिथे शिक्षेशिवाय शिस्त लावली जात होती. पुढे अमेरिकेत डिक ग्रोट यांनी ती आणखी विकसित केली. तिच्या तीन पायऱ्या अशा:

१. चारचौघांत न ओरडता एकट्याला बोलावून बोलायचं.
२. पुन्हा तेच झालं, तर लेखी आठवण द्यायची.
३. तरीही फरक नाही? मग एक दिवसाची भरपगारी सुटी. घरी बसून त्याने ठरवायचं, नीट काम करायचं की नोकरी सोडायची.

यानंतरही तीच चूक झाली, तर नोकरी जाऊ शकते.

याने फरक का पडतो?

दंड भरला की माणसाला वाटतं, हिशोब मिटला. राग राहतो, सवय तीच राहते. बोललं तर खरं कारण कळतं. कदाचित गावाहून येणारी सकाळची एसटीच उशिरा पोहोचत असेल. मग शिफ्ट बदलूनही प्रश्न सुटतो.

महिन्याचे २६ दिवस धरले, तर १५,००० पगारावर त्या भरपगारी सुटीचा खर्च साधारण ५७७ रुपये येतो. नवा माणूस शोधून त्याला काम शिकवायला यापेक्षा जास्त लागतात!

अर्थात चोरी किंवा मारहाणीसाठी ही पद्धत नाही. पण रोजच्या उशिरासाठी कात्रीआधी एकदा बोलून बघायला काय हरकत आहे?