मोठ्या अपघातात आधी कोणाला वाचवायचे? उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या श्रद्धावंतांसाठी काही विचार

२७ जुलै २०१९ रोजी पहाटे मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांदरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. त्यांत नऊ गर्भवती महिलाही होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, वायुदल, रेल्वे, पोलीस आणि आसपासच्या गावांतील रहिवासी यांनी दुपारपर्यंत सर्वांना सुखरूप बाहेर काढले. रुग्णवाहिका आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसह डॉक्टरांचे पथक सज्ज ठेवण्यात आले होते. एकही जीव गमवावा लागला नाही, याबद्दल परमेश्वराचे आभार मानावे तितके थोडेच.

तथापि, त्या दिवशी तयारीसाठी काही तासांची सवड मिळाली होती. स्फोट, वायुगळती किंवा इमारतीची पडझड अशी सवड देत नाही. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस वालधुनी नदीत घातक रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. २६ मे २०१६ रोजी शेजारच्या डोंबिवलीत रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन १२ जण मृत्युमुखी पडले. दूरवरच्या घरांच्या काचा फुटून दीडशेहून अधिक लोक जखमी झाले. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून १२ जणांचा बळी गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टँकरचा स्फोट होऊन कामगारांचे प्राण गेले. आपल्या तिन्ही शहरांत दाट वस्ती आणि कारखाने एकमेकांना लागून आहेत. म्हणून हा विषय केवळ शासनाचा आहे असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

ज्या क्षणी जखमींची संख्या उपलब्ध हातांपेक्षा अधिक होते, तेव्हा वैद्यकीय सेवेचा नेहमीचा क्रम मोडतो. जगभरचा अनुभव असा की, किरकोळ जखमी लोक रिक्षाने, दुचाकीने किंवा चालत सर्वांत जवळच्या रुग्णालयात आधी पोहोचतात. ढिगाऱ्याखाली अडकलेले, रक्तस्राव होत असलेले गंभीर जखमी मागून येतात आणि तोवर खाटा व डॉक्टर गुंतून गेलेले असतात. सारेच जखमी उल्हासनगरच्या शासकीय मध्यवर्ती रुग्णालयाच्या किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयाच्या दारात एकाच वेळी आले, तर ज्याला सर्वाधिक गरज आहे तोच मागे राहील.

यावर उपाय म्हणजे घटनास्थळीच जखमींची वर्गवारी करणे. वैद्यकीय भाषेत यास ‘ट्रायाज’ म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लॅरे यांनी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचार करण्याचा पायंडा पाडला. १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेल्या ‘स्टार्ट’ या पद्धतीत एका जखमीची तपासणी मिनिटाभरात होते. जो चालू शकतो त्याला हिरवी खूणचिठ्ठी. श्वासमार्ग मोकळा करूनही जो श्वास घेत नाही त्याला काळी. ज्याचा श्वास मिनिटाला ३० हून अधिक वेगाने चालतो, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचनाही कळत नाही, त्याला लाल. उरलेल्यांना पिवळी. लाल चिठ्ठीवाले प्रथम हलवले जातात.

येथे श्रद्धावंताच्या मनात प्रश्न उभा राहतो. उत्तम मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्या मेंढराच्या शोधात गेला. मग काळी चिठ्ठी लावून कोणाला मागे ठेवणे ख्रिस्ती धर्माला मान्य होईल काय? आम्हाला वाटते, वर्गवारी माणसाची किंमत ठरवीत नाही. ती फक्त हातांचा क्रम ठरविते. श्रीमंत, ओळखीचा किंवा मोठ्याने ओरडणारा यांना त्यात अग्रक्रम नाही. आणि ज्याच्यासाठी औषध उरले नाही, त्याच्यासाठीही सोबत, प्रार्थना आणि शक्य असेल तेथे तैलाभ्यंग संस्कार उरतोच. मात्र धर्मगुरूंनीही बचावपथकाची परवानगी मिळाल्यावरच पुढे जावे.

रासायनिक अपघातात आणखी एक काळजी घ्यावी लागते. अंगावर रसायन असलेला रुग्ण तसाच आत आणला, तर परिचारिका व इतर रुग्णही बाधित होतात. म्हणून बहुतेक वेळा रुग्णालयाच्या दाराबाहेरच कपडे उतरवून भरपूर पाण्याने अंग धुतले जाते. वायुगळतीच्या वेळी नागरिकांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे, किंवा घरात राहून दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि प्रशासनाच्या सूचना पाळाव्यात. बघ्यांची गर्दी रुग्णवाहिकांचा रस्ता अडविते.

कायद्याची साथ आपल्याला आहे. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार मोठा धोका असलेल्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी आवारातील आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम घ्यावी लागते. आवाराबाहेरच्या योजनेची तालीम वर्षातून एकदा अपेक्षित आहे. आपल्या भागात अशी तालीम केव्हा झाली, तीत रुग्णालये सहभागी होती काय, हे जिल्हा प्रशासनाला नम्रपणे विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे. तसेच २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने रस्ते अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. मदत केल्यास पोलिसांच्या फेऱ्यात अडकू, ही भीती त्यामुळे सोडता येईल.

धर्मग्रामांना काय करता येईल? परिसरातील डॉक्टर, परिचारिका, धर्मभगिनी व रक्तदाते यांची यादी करून ती दरवर्षी तपासावी. रक्तस्राव थांबविणे आणि छातीदाब देणे यांचे प्रशिक्षण युवकांना द्यावे. किरकोळ जखमी व घाबरलेल्या कुटुंबांसाठी सभागृह उघडता येईल काय, याबाबत नगरपालिका किंवा महानगरपालिकेशी आधीच बोलून ठेवावे. १०८ क्रमांकावर फोन करताना ठिकाण, अपघाताचा प्रकार, जखमींची अंदाजे संख्या आणि वाट कोणती मोकळी आहे, हे सांगण्याचा सराव घराघरांत व्हावा.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याने जखमीच्या जखमा बांधल्या व त्याला उतारशाळेत नेले. त्याची दया आपण नेहमी आठवतो. परंतु उतारशाळा तेथे आधीपासून उभी होती आणि तिचा रक्षक जागेवर होता, म्हणूनच ती दया पूर्णत्वास गेली. संकट येण्याआधी आपल्या शहरांत अशी उतारशाळा सज्ज ठेवणे, हीदेखील शेजारप्रीतीच होय.